चोरीला न गेलेली गाणी

संगीतकार संघाच्या सभा गाद्यांच्या एका दुकानाच्या माडीवर भरत. दुकानदार माडीचं भाडं घेत नसे. तिथे रचून ठेवलेल्या गाद्यांवर कोणी टेकू नये, एवढीच त्याची अट होती. भिंतीभर गाद्या असल्यामुळे कोणी कितीही तावातावाने बोललं तरी आवाज मऊ होऊन बाहेर पडे, आणि भांडणाऱ्याला वाटे आपण अजून पुरेसे चिडलेलो नाही.

त्या दिवशीच्या सभेत विषय एकच होता, 'मोकळे कान'. हे एका वेबसाइटचं नाव. ती चालवणारा कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण तो संघातल्या एकेकाची गाणी उचलून तिथे ठेवत होता आणि येईल त्याला फुकटात वाटत होता. आधीच गाणी विकत घेणारी माणसं दुर्मिळ झाली होती. त्यात हा उपटसुंभ.

अध्यक्ष ट्रम्पेट वाजवत. त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने उभं राहून आपलं काय काय गेलं ते सांगायचं, म्हणजे नुकसानीचा अंदाज येईल. सुरुवात ड्रमवाल्याने केली. त्याचे दोन अल्बम गेले होते आणि सांगताना त्याने खरोखरच रुमाल काढला. मग गायिका उठल्या. त्यांची सगळीच गाणी गेली होती. "त्यातली काही तर मलासुद्धा आवडत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण मेल्याने तीही सोडली नाहीत." यावर सभा हळहळली, आणि ही हळहळ ऐकून पुढच्याला वाटलं की आपली चोरी जरा किरकोळच झाली. त्याने सांगितलं की त्याची गाणी साइटच्या पहिल्याच पानावर आहेत. त्याच्या पुढचा म्हणाला, पहिल्या पानावर आहेत खरी, पण सगळ्यात वर माझं आहे. बघता बघता रडगाण्याचं बडेजावात रूपांतर झालं. ज्याची चोरी मोठी तो छाती काढून खाली बसू लागला.

असं होत होत पाळी भातेकरांवर आली. भातेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. गळ्यात अकॉर्डियन अडकवून त्याचा भाता हलवण्यातच त्यांचा जन्म गेला होता, म्हणून लोक त्यांना भातेकर म्हणत, आणि आता विजेचं बिल सोडलं तर जुनं नाव कुठे उरलं नव्हतं. माणूस मोठा भिडस्त. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं अजून बघायचं राहिलंय."

"त्यात काय, आत्ता बघू," शेजारी बसलेला ड्रमवाला म्हणाला आणि मदतीच्या भावनेने त्याने फोन काढला. त्याने शोधलं. मग स्पेलिंग बदलून शोधलं. मग नुसतं 'अकॉर्डियन' घालून शोधलं. सगळी सभा त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

"काही नाही," तो अखेर हळूच म्हणाला.

"काहीच नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकही नाही."

खालच्या दुकानात कोणी तरी गादी थोपटून बघत होतं ते ऐकू आलं. गायिकांनी भातेकरांच्या दंडावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमचंही जाईल हो कधीतरी."

भातेकरांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण खरा घाव अजून पडायचाच होता. क्लॅरिनेटवाले डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होते. हे गृहस्थ संगीतात पूर्णवेळ उतरण्याआधी विमा कंपनीत होते. आपलंच दुकान पेटवून भरपाई मागायला कोण आलं आहे ते हुडकायचं, हे तिथे त्यांचं काम.

"आमच्याकडे एक साधा नियम होता," ते म्हणाले. "सबंध आळी जळाली आणि मधलं एकच घर शाबूत राहिलं, तर काडेपेटी आधी त्या घरात शोधायची."

सगळ्यांना हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर गायिकांनी दंडावरचा हात काढून घेतला.

"अहो, मी कशाला चोरू?" भातेकर म्हणाले. "मला तर फोनमध्ये फोटो कुठे जातात तेही कळत नाही."

"असंच म्हणतात," क्लॅरिनेटवाले शांतपणे म्हणाले.

अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. "संघ कोणावरही संशय घेत नाही," ते म्हणाले. "फक्त पुढच्या सभेपर्यंत भातेकरांचं एखादं गाणं चोरीला गेलं, तर सगळ्यांच्या मनाला बरं वाटेल."

भातेकर घरी आले ते तोंड एवढंसं करून. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून तिला सवय झाली होती, त्यामुळे नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं सगळ्यात खालच्या ओळीतलं बारीक अक्षरही ती लांबून वाचत असे. तिने पर्स ठेवायच्या आधीच विचारलं, "कोण काय बोललं?"

भातेकरांनी सगळं सांगितलं.

"चोरी झाली नाही म्हणून सुतक धरलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

"चोरी झाली नाही याचं दुःख नाही गं," भातेकर म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे, तेही आहे."

तिचे वडील त्यांच्याकडेच राहत. उभं आयुष्य त्यांनी कुलपं बसवण्यात घालवलं होतं आणि त्यामुळे चोर या विषयावर आपला शब्द अखेरचा, असं ते धरून चालत. "जावईबापू," ते म्हणाले, "चोर उघड्या दारात शिरत नाही. त्याला वाटतं, ज्याने साधी कडी लावली नाही त्याच्याकडे न्यायला काय असणार? तुमच्या गाण्यांना कुलूप लावा. लांबून दिसेल असं दणदणीत."

"गाण्यांना कुलूप कसं लावणार, बाबा?" बायको म्हणाली.

पण बुडत्याला काडीचा आधार. भातेकरांनी आपली गाणी जिथे जिथे ऐकायला ठेवली होती तिथे तिथे लाल अक्षरांत लिहवून घेतलं, 'ही गाणी अत्यंत मौल्यवान असून ती उतरवून घेण्यास सक्त मनाई आहे.' चोर फिरकला नाही. उलट त्यांचा मावसभाऊ, जो त्यांची गाणी नेमाने ऐकत असे आणि तसं ऐकणारा बहुधा तो एकटाच होता, त्याचा फोन आला. "तू मनाई केलीस ते वाचलं," तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "आपल्या माणसांनाही? असू दे. नाही ऐकत."

मग भातेकरांनी मनाचा हिय्या केला. 'मोकळे कान'वर एक 'विनंती' नावाचं पान होतं. हव्या त्या गाण्याची मागणी तिथे नोंदवता यायची. त्यांनी 'एक चाहता' अशी सही करून लिहिलं, की अकॉर्डियनवादक भातेकर यांची अवीट गोडीची गाणी आपल्या साइटवर नाहीत, ही रसिकांची घोर उपेक्षा आहे, तरी ती त्वरित चोरावीत. 'चोरावीत' हा शब्द खोडून त्यांनी 'समाविष्ट करावीत' असं केलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'चाहते इतकं लिहीत नाहीत. आपण स्वतः भातेकर दिसता. येऊन भेटा. अकॉर्डियन आणा.' खाली चक्क पत्ता होता.

पत्ता इस्त्रीच्या एका दुकानामागच्या बोळातला निघाला. दारावर पाटी होती, 'येथे श्रवणयंत्रं दुरुस्त होतात. दार जोरात ठोकावे.' भातेकरांनी जोरात ठोकलं. स्वेटर घातलेल्या एका काटकुळ्या माणसाने दार उघडलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "एवढ्या जोरात कशाला? मला ऐकू येतं."

खोली लहान होती. टेबलावर नखाएवढी श्रवणयंत्रं ओळीने मांडलेली, त्यांच्यापाशी काडीसारखे स्क्रूड्रायव्हर, कापसाचे बोळे आणि दाण्याएवढ्या बॅटऱ्या. कोपऱ्यात मात्र भारी स्पीकर, चांगला माइक आणि एक कॉम्प्युटर होता. मनातल्या मनात भातेकरांनी त्या माणसाला कानवाले असं नाव देऊन टाकलं.

"तुम्ही पत्ता असा कोणालाही देता?" भातेकरांना राहवेना. "सबंध संघ तुम्हाला शोधतोय."

"विचारला तर देतो, तुम्हाला न विचारता दिला," कानवाले म्हणाले. "आजवर कोणी विचारला नाही. सगळे सभा घेतात."

"पण तुम्ही हे करता तरी कशाला? आमच्या पोटावर पाय का आणता?"

कानवाल्यांनी एक यंत्र उचलून दिव्याखाली धरलं. "दिवसभर मी लोकांचे कान दुरुस्त करतो. मग मनात येतं, इतकं नीट करून दिल्यावर यांनी ऐकायचं काय? बातम्या? म्हणून चांगलं दिसेल ते गोळा करून ठेवतो. आता ते दुसऱ्याचं असतं, हे खरं. पण मला तर काही वाजवता येत नाही."

"चांगलं दिसेल ते," भातेकर म्हणाले. आता ते जिव्हारी लागलं होतं. "आणि माझं?"

"तुमची सगळी गाणी मी ऐकलीत. काही तर चार-पाचदा."

भातेकर खुर्चीत बसले. त्यांची सगळी गाणी त्यांच्या बायकोनेही ऐकली नव्हती.

"तुमची चाल चांगली असते," कानवाले म्हणाले. "सुरुवात तर फारच चांगली. पण गाणं संपायच्या आत तुम्ही घरी निघालेले असता. शेवटच्या कडव्यात तुमचं एक पाऊल दाराबाहेर असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण यांना उगाच थांबवून ठेवलंय. असलं अर्धवट मी लोकांच्या कानात घालत नाही."

चोराने आपल्याला नापास करावं याचा भातेकरांना संताप आला. ते उठले, दारापर्यंत गेले. मग त्यांच्या लक्षात आलं, की स्टुडिओ तासावर असल्यामुळे प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्यांची नजर खरोखरच घड्याळाकडे असायची. ते परत फिरले आणि पेटी उघडून अकॉर्डियन गळ्यात अडकवलं.

"सांगा, कुठे घाई होते?"

त्यांनी एक नवीन चाल वाजवायला घेतली, अजून कुठेही न दिलेली. कानवाले माइक चालू करून डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या कडव्याशी त्यांनी हात वर केला. भातेकरांनी ते पुन्हा वाजवलं. त्यांनी पुन्हा हात वर केला. यावरून दोघांची चांगलीच जुंपली. 'तुम्हाला काय कळतं' इथपासून 'मग मला कशाला विचारता' इथपर्यंत सगळं झालं. अखेर वैतागून कानवाल्यांनी चार स्वर गुणगुणून दाखवले. बेसूर होते, पण शेवट तोच होता. भातेकरांनी ते वाजवले तेव्हा भाता सावकाश मिटत जावा तसं गाणं मिटत गेलं, आणि नेमक्या त्या क्षणी टेबलावरच्या एका श्रवणयंत्राने बारीक शिट्टी घातली.

"ती राहू द्या," दोघेही एकदम म्हणाले, कारण माइक चालूच होता.

गाणं 'मोकळे कान'वर चढलं आणि सुसाट सुटलं. का ते कोणालाच सांगता आलं नसतं. चष्म्याच्या दुकानात अक्षरं वाचता वाचता एक बाई ते गुणगुणायला लागली, आणि शेवटी तिने तोंडाने शिट्टीही घातली. भातेकरांची बायको संध्याकाळी येऊन म्हणाली, "तिसरी ओळ तिने चुकीची गुणगुणली. मी सुधारून दिली." हे ऐकून भातेकरांना झालेला आनंद गगनात मावेना.

पुढच्या सभेला ते ताठ मानेने गेले. माडीवर पाऊल टाकताच टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी त्यांना मिठी मारली. "गेलं बुवा एकदाचं," ते म्हणाले. "संघाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं." गायिकांनी पुन्हा दंडावर हात ठेवला. भातेकरांनी जमेल तेवढा दुःखी चेहरा केला आणि चोराला थोड्या शिव्याही घातल्या, पण त्या मनापासून येईनात.

क्लॅरिनेटवाले टाळ्या वाजवत नव्हते. "सुंदर गाणं आहे," ते म्हणाले. "मी विकत घ्यावं म्हणून सगळीकडे शोधलं. कुठे मिळेना. तुम्ही ते प्रसिद्ध कधी केलंत?"

 गाणं चोरीला देण्याच्या गडबडीत ते आधी बाजारात आणायला हवं, हे भातेकरांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हणजे जे बाहेरच आलं नाही ते आतून गेलं," क्लॅरिनेटवाले म्हणाले. "आणि आत तुम्ही एकटेच होतात."

भातेकरांना खोटं बोलता येत नसे. आजवर तशी गरजच पडली नव्हती. "मीच दिलं," ते म्हणाले. "तुम्हीच म्हणालात ना, चोरीला गेलं तर बरं वाटेल?"

मग जो गोंधळ उडाला तो गाद्यांनाही आवरेना. ड्रमवाल्याचं म्हणणं पडलं, की आपलीच वस्तू आपणच चोराच्या हातात ठेवली तर ती चोरी नव्हे, दान. गायिका म्हणाल्या, दान म्हणावं तर यांनी टाळ्या का घेतल्या? अध्यक्षांनी संघाची घटना मागवली. तिच्यात सभासदाने सभासदाचं चोरलं तर काय करायचं ते होतं, परक्याने चोरलं तर काय तेही होतं, पण स्वतःचं चोरवून घेतल्यास काय, हे कलम लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

"ते राहू द्या," क्लॅरिनेटवाले म्हणाले. "चोर कोण ते सांगा, म्हणजे तुम्ही सुटलात."

सगळ्यांच्या माना भातेकरांकडे वळल्या. भातेकरांना दिव्याखाली यंत्र धरलेला तो काटकुळा हात आठवला. हजार माणसांनी आपलं गाणं उतरवून घेतलं असेल, पण 'तुमचं पाऊल दाराबाहेर असतं' असं सांगण्याइतकं कान देऊन ऐकणारा एकच. "नाव मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि हे खरंच होतं.

इतक्यात जिन्यात धापा ऐकू आल्या आणि स्वेटर घातलेले कानवाले दारात उभे राहिले. "संगीतकारांच्या तक्रारी इथेच घेतात ना?" त्यांनी विचारलं.

"कसली तक्रार?" अध्यक्ष म्हणाले.

"चोरीची. 'उघडी खिडकी' म्हणून एक भुरटी साइट निघालीय. तिने आमचं अकॉर्डियनचं गाणं माझ्या साइटवरून उचललं. विचारलं नाही, सवरलं नाही. मी मेहनतीने साफ केलेला आवाज तसाच्या तसा घेतला आणि वर 'मोकळे कान' हे नाव पुसून टाकलं." रागाने त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. "त्या गाण्याचा शेवट माझा आहे. भातेकर बसलेत, विचारा त्यांना. माझं आयुष्यातलं पहिलं काम ते. आणि असं लुटून न्यायचं? माणसाला काही लाज असते की नाही?"

 अध्यक्षांनी या माणसासाठी गेलं वर्षभर एक भाषण तयार ठेवलं होतं, पण त्यातली सगळी वाक्यं त्यानेच आधी बोलून टाकली होती.

"शेवट त्यांचा आहे, हे बरोबर," भातेकर म्हणाले.

"शिट्टी मात्र माझी नाही," कानवाले प्रामाणिकपणे म्हणाले. "ती एका म्हातारबांच्या यंत्राची. त्यांचंही नाव घातलं पाहिजे. त्यांना मी विचारलं, पण यंत्र माझ्याकडे असल्यामुळे त्यांना ऐकू आलं नाही."

"तुम्ही आमची सगळ्यांची गाणी नेलीत," गायिका म्हणाल्या.

"नेली. आणि तेव्हा मला कळलं नाही. आता कळतंय कुठे दुखतं ते." कानवाल्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही गाता ना? तुमच्या दुसऱ्या अल्बममध्ये एका ठिकाणी श्वास एवढा सुंदर घेतलाय, की मी तो स्वरापेक्षा जास्त वेळा ऐकलाय."

गायिका काही तरी कठोर बोलणार होत्या, ते राहून गेलं. "कुठल्या ठिकाणी?" त्यांनी विचारलं.

"आणि माझं?" ड्रमवाला म्हणाला. क्लॅरिनेटवाल्यांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली. चोर पकडायची सभा होती ती बघता बघता अशी झाली, की जो तो चोराला गाठून विचारतोय, माझं कसं वाटलं? कानवाल्यांनी कोणाची भीड ठेवली नाही. अध्यक्षांना त्यांनी तोंडावर सांगितलं, की तुमचं ट्रम्पेट मान्यवर आल्यासारखं वाजतं, माणूस आल्यासारखं वाजत नाही. अध्यक्षांनी ते घटनेच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

शेवटी तोडगा क्लॅरिनेटवाल्यांनीच काढला. घटनेप्रमाणे ज्याची स्वतःची रचना आहे तो संघाचा सभासद होऊ शकतो, या गृहस्थांची चार स्वरांची का होईना रचना आहे, तेव्हा त्यांना सभासद करून घ्यावं आणि त्या बदल्यात त्यांनी साइट बंद करावी. कानवाले ताबडतोब कबूल झाले. "मला त्या धंद्याची आता चीडच आलीय," ते म्हणाले.

साइट बंद झाली. दोन-चार श्रोत्यांनी हळहळ व्यक्त केली, मावसभावाने फोन करून आता ऐकायला परवानगी आहे का असं विचारलं, आणि 'उघडी खिडकी'वर चोऱ्या सुरूच राहिल्या, कारण तिचा पत्ता कोणी विचारला नाही. संघाने त्यावर एक सभा घेतली.

पुढे झालं असं, की कोणीही नवीन गाणं केलं की ते आधी इस्त्रीच्या दुकानामागच्या बोळात जायचं. बोळात ट्रम्पेटच्या, क्लॅरिनेटच्या पेट्या घेऊन माणसं उभी असत. भातेकरांनी एकदा तिथे जाऊन ती रांग पाहिली आणि ते तसेच परत फिरले. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "त्यांना पहिल्यांदा मी शोधून काढलं."

"मग?"

"मग काही नाही. आता सगळे त्यांच्याकडेच जातात."

"अहो, तुमच्या चोरावर दुसऱ्यांनी डोळा ठेवला म्हणून रुसलात?" ती म्हणाली. "नवीन काहीतरी करून घेऊन जा. मुकाट्याने रांगेत उभे राहा."

तसं ते गेले. पाळी आली तेव्हा इस्त्रीवाला दुकान बंद करत होता. कानवाले दमलेले दिसत होते. त्यांनी आधी भातेकरांचा फोन मागून घेतला, बंद केला आणि बाहेरच्या स्टुलावर ठेवला. खिडकी लावली. "हल्ली कोणाचा भरवसा नाही," ते म्हणाले. टेबलावरच्या सगळ्या यंत्रांच्या बॅटऱ्याही त्यांनी एकेक करून काढल्या.

"गाण्यावर नाव कोणाचं आधी घालायचं, ते आजच ठरवू," ते म्हणाले.

"अजून ऐकलं तरी कुठे आहे तुम्ही?"

"नंतर भांडण नको म्हणून म्हटलं."

"तुमचं आधी घाला," भातेकर म्हणाले. "पण ऐका नीट."

कानवाल्यांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, खुर्ची भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. भातेकरांनी भाता उघडला. शेवटचं कडवं आलं तेव्हा त्यांना कळलं, की आपण मुद्दाम सावकाश वाजवतोय. कानवाल्यांचा हात अजून वर झाला नव्हता.